बॅटरी बदलण्यापूर्वी चार्जिंग तपासा

मोटारसायकलची बॅटरी वारंवार उतरत असेल, तर नवी बॅटरी आणण्याआधी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजणारे उपकरण) हाती घ्यावा. कारण दोष चार्जिंगमध्ये असल्यास नवी बॅटरीही लवकरच उतरते. पूर्ण चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन सुरू करून रेस वाढवल्यावर तिच्या टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. आकडा १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर-रेक्टिफायरवर, म्हणजे एसीचे डीसी करून व्होल्टेज मर्यादेत ठेवणाऱ्या भागावर, संशय घ्यावा. व्होल्टेज वाढतच नसेल, तर आधी स्टेटरकडून (इंजिनमधील वीज तयार करणाऱ्या कॉइलकडून) येणारा कनेक्टर उघडून पाहावा: तपकिरी पडलेले प्लॅस्टिक आणि काळवंडलेल्या पिना हा दोष फार वेळा आढळतो, आणि तरीही तोच सर्रास दुर्लक्षिला जातो. कनेक्टर स्वच्छ असल्यास तो सोडवून, थ्री-फेज स्टेटरच्या तिन्ही वायरींमध्ये दोन-दोनच्या जोडीने एसी व्होल्टेज मोजावे. रेस वाढवताच ते तिन्ही जोड्यांत जवळपास सारखेच वाढले पाहिजे. इंजिन बंद करून यांपैकी कोणत्याही वायरीची चासीशी कंटिन्युइटी (विद्युत जोडणी) मिळाली, तर स्टेटरचे वाइंडिंग शॉर्ट झाले आहे. चालू इंजिनवर बॅटरीची वायर मात्र कधीही काढू नये. त्याने ईसीयू (इंजिनचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) निकामी होऊ शकतो.