मॅरेथॉनची ‘बस’ चालवताना : नव्या पेसरने टाळायच्या चुका

पाच तासांचा झेंडा पाठीवर बांधलेला पेसर, म्हणजे ठरलेल्या वेळेत इतरांना सोबत घेऊन जाणारा धावपटू, बरोबर ४ तास ५९ मिनिटांनी अंतिम रेषा ओलांडतो आणि त्याच्या मागे कोणीही नसते, हे दृश्य आपल्याकडच्या मॅरेथॉनमध्ये फारसे दुर्मीळ नाही. घड्याळाच्या हिशेबाने त्याचे काम चोख झालेले असते. दहाव्या किलोमीटरला त्याच्याबरोबर असलेले तीस-चाळीस जण कुठे गेले, याचे उत्तर मात्र बहुतेक वेळा त्याच्या पहिल्या दहा किलोमीटरमध्येच सापडते.

पेसर या शब्दाने दोन वेगळी कामे ओळखली जातात, आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. १९५४ मध्ये रॉजर बॅनिस्टर यांनी चार मिनिटांच्या आत मैल पूर्ण केला, तेव्हा ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे यांनी त्यांना पुढे राहून वेग दिला. २०१९ मध्ये व्हिएन्नात एलियुड किपचोगे मॅरेथॉनचे अंतर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत धावले, तेव्हा ४१ पेसर आळीपाळीने त्यांच्याभोवती होते. ते पेसर एका माणसासाठी धावत होते. आपल्या स्वयंसेवक पेसरला, म्हणजे धावपटूंच्या बोलीत ‘बस’ चालवणाऱ्याला, अनोळखी माणसांचा घोळका सोबत घेऊन शेवटपर्यंत जायचे असते, आणि त्या घोळक्यातील बऱ्याच जणांची ती पहिलीच मॅरेथॉन असते.

झेंडा घेण्यापूर्वीची चूक

पहिली चूक नाव नोंदवतानाच होते. ज्याची स्वतःची सर्वोत्तम वेळ ४ तास ४० मिनिटे आहे, त्याने साडेचार तासांची बस मागू नये हे उघड आहे. पण त्याने पावणेपाच तासांचीही मागू नये. त्या दिवशी त्याला स्वतःचा दम सांभाळून इतरांशी बोलायचे असते, मागे वळून पाहायचे असते, दोन-तीन तास ओरडून धीर द्यायचा असतो. माझ्या मते पूर्ण मॅरेथॉनसाठी स्वतःच्या अलीकडच्या वेळेपेक्षा किमान अर्धा तास सावकाश असलेली बस घ्यावी. येथे ‘अलीकडच्या’ या शब्दाला महत्त्व आहे. चार वर्षांपूर्वीची वेळ आज उपयोगाची नाही.

याच्या उलट चूकही होते. साडेतीन तासांत धावणाऱ्याला साडेपाच तासांची बस सोपी वाटते, परंतु तितक्या सावकाश वेगाची पायांना सवय नसेल तर त्याचे पाऊल नकळत पुढे जात राहते आणि दोन तास जास्त उभे राहण्याचा भारही वेगळाच असतो. ज्या पेसने (प्रत्येक किलोमीटरला लागणाऱ्या वेळेने) बस न्यायची, त्या पेसने २५ ते ३० किलोमीटरची एखादी लांब धाव आधी करावी, आणि तीही झेंड्यासह. वांद्रे-वरळी सी लिंकवर वारा सुटला की पाठीवरचा झेंडा शिडासारखा ओढतो, हे स्पर्धेच्या दिवशी प्रथमच कळणे बरे नव्हे.

पहिल्या दहा किलोमीटरची उधळपट्टी

मुंबईची पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटते. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या आसपास असतो. म्हणजे पाच तासांच्या बसला पहिले दोन तास अंधार आणि गारवा मिळतो, तर उरलेले तीन तास चढत्या उन्हात आणि दमट हवेत काढावे लागतात. साहजिकच कोणीतरी मरीन ड्राइव्हवरच म्हणतो, “सर, आत्ता दमच लागत नाहीये, ऊन यायच्या आत थोडं जोरात घेऊ या ना!” ही विनंती मान्य करणे ही पेसरची सर्वांत महागडी चूक ठरते.

हिशेब करून पाहा. पाच तासांसाठी सरासरी पेस किलोमीटरला ७ मिनिटे ७ सेकंद येतो. पहिले दहा किलोमीटर ६:४० ने नेले, तर जेमतेम साडेचार मिनिटे हाती पडतात. त्या वेगासाठी शरीराने साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे धावण्याचे इंधन, मात्र अधिक खर्च होते, आणि ज्याची कुवत मुळात ७:०७ चीच आहे त्याला ही उधारी तिसाव्या किलोमीटरनंतर फेडावी लागते. शेवटचे सात किलोमीटर तो चालत, दहा मिनिटांच्या पेसने गेला, तर त्याची वीस मिनिटे जातात. पेसर स्वतः चार तासांचा धावपटू असल्यामुळे त्याला यातले काहीच जाणवत नाही. म्हणूनच मागे मोकळा रस्ता असतानाही तो वेळेवर पोहोचतो.

उन्हाची भीती मात्र अगदीच निराधार नाही, हे मान्य केले पाहिजे. अर्ध्या अंतरापर्यंत एखादे मिनिट पुढे राहिल्यास बिघडत नाही. काही अनुभवी पेसर तसे ठरवूनच करतात. पाच तासांच्या बसने १० किलोमीटर १ तास ११ मिनिटांना, निम्मे अंतर अडीच तासांना, ३० किलोमीटर ३ तास ३३ मिनिटांना आणि ४० किलोमीटर ४ तास २४ मिनिटांना नव्हे, तर ४ तास ४४ मिनिटांना गाठायचे असते. थकलेल्या डोक्याने असा आकडा चुकीचा आठवतो, म्हणून हे स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा, मनगटावरच्या पट्टीवर लिहून न्यावेत. सुरुवातीच्या गर्दीत पहिला किलोमीटर आठ मिनिटांना गेला, तर ते मिनिट दुसऱ्याच किलोमीटरला भरून काढण्याचा अट्टहासही तितकाच घातक आहे. माणसांमधून वाट काढत, फुटपाथवर चढत-उतरत धावणाऱ्या पेसरमागे त्याचा गट टिकत नाही. ते मिनिट पुढच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये पाच-पाच सेकंदांनी वसूल करावे.

मनगटावरच्या घड्याळावर विश्वास

माझी स्वतःची फजिती इथली आहे. एका हाफ मॅरेथॉनमध्ये मी २ तास ३० मिनिटांची बस घेतली होती आणि घड्याळातला सरासरी पेस शेवटपर्यंत अचूक राखला होता. घड्याळाने २१.१ किलोमीटर दाखवले तेव्हा अंतिम कमान सुमारे ३०० मीटर दूर होती. मी दोन मिनिटे उशिरा पोहोचलो, आणि अडीच तासांच्या आत येण्यासाठी पूर्णपणे माझ्यावर विसंबलेल्या तीन जणांची वेळ हुकली. त्यांनी तक्रार केली नाही, हेच जास्त लागले.

दोष घड्याळाचाही नव्हता आणि मार्गाचाही नव्हता. प्रमाणित मार्ग सायकलला लावलेल्या मापकाने मोजतात, आणि तोही वळणांवर शक्य तितक्या जवळच्या रेषेने. शिवाय अंतर कमी भरू नये म्हणून त्यात हजारात एक इतकी वाढ, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनला सुमारे ४२ मीटर, मुद्दाम ठेवलेली असते. गर्दीतला धावपटू ती जवळची रेषा कधीच पकडू शकत नाही. पाण्याच्या टेबलाकडे वळणे, पुढच्याला ओलांडणे, वळण बाहेरून घेणे, यांतून थेंबे थेंबे तळे साचते. त्यात उंच इमारती आणि उड्डाणपूल यांच्याखाली जीपीएस भरकटते, आणि ४२.१९५ ऐवजी घड्याळावर ४२.६ उमटते. हे ध्यानात न घेता घड्याळाच्या ७:०७ वर विसंबलेला पेसर पाच तासांची बस जवळजवळ तीन मिनिटे उशिरा आणतो.

उपाय सोपा असला तरी त्याला शिस्त लागते. घड्याळातला ऑटो-लॅप, म्हणजे प्रत्येक किलोमीटरची वेळ आपोआप नोंदवण्याची सोय, बंद करावा आणि रस्त्यावरच्या प्रत्येक किलोमीटरच्या पाटीला हाताने लॅप दाबून तो मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहावा. एखादी पाटी चुकीच्या जागी ठेवलेली असू शकते. एक किलोमीटर अचानक ६:१० आणि पुढचा ८:०० दिसला, तर वेग बदलण्यापूर्वी दोन्हींची बेरीज करावी. तत्क्षणीचा पेस दाखवणारा रकाना तर पडद्यावरून काढूनच टाकावा, कारण त्याच्याकडे पाहून धावणाऱ्या पेसरचे पाऊल सतत पुढे-मागे होते आणि त्याचा त्रास मागच्यांना होतो.

सुरुवातीच्या रेषेवर आणखी एक गोंधळ होतो. बंदुकीचा आवाज झाल्यावर गर्दीतून रेषेपर्यंत पोहोचायला काही मिनिटे जातात. तुमची बस बंदुकीच्या वेळेवर चालणार की चिपच्या (ज्याने त्याने रेषा ओलांडल्यापासून मोजलेल्या) वेळेवर, हे आयोजकांना विचारून सर्वांना आधीच मोठ्याने सांगावे. चिपचा हिशेब असेल, तर मागच्या रांगेतून चार मिनिटे उशिरा निघून तुम्हाला गाठलेल्या माणसाच्या हाती चार मिनिटे शिल्लक असतात. त्याला हे माहीत नसेल, तर तो उगाच तुमच्याबरोबर फरफटत राहतो. मात्र कट-ऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करण्याची मुदत, कोणत्या घड्याळाने लागतो, हेही विचारून ठेवावे, कारण तो हिशेब वेगळा असू शकतो.

पाणी, चाल आणि चढ

पाण्याचे थांबे अनेक पेसर हिशेबात धरतच नाहीत. वीस ठिकाणी पंधरा-पंधरा सेकंद गेले, तरी पाच मिनिटे होतात. म्हणजे पाच तासांच्या बसने प्रत्यक्ष धावताना ७:०७ नव्हे तर ७:०० च्या आसपास राहायला हवे, आणि घड्याळ अंतर जास्त दाखवत असेल तर त्यावर ६:५५ दिसायला हवे. पेसरने पाण्यावरून धावतच निघून जाणे आणि मागच्यांनी धापा टाकत त्याला गाठणे, असे वीस वेळा झाल्यावर गट उरत नाही. टेबल येण्यापूर्वी १०० मीटर सूचना द्यावी, पहिल्या टेबलावर झुंबड न करता पुढच्या टेबलांकडे जायला सांगावे आणि पाणी घेतल्यावर आधीचाच वेग सावकाश धरावा.

जेफ गॅलोवे यांनी लोकप्रिय केलेल्या धाव-चाल पद्धतीने बस न्यायची असेल, तर ते सुरुवातीलाच जाहीर केले पाहिजे. नऊ मिनिटे धाव आणि एक मिनिट भराभर चाल असा क्रम ठेवला, तर पाच तासांसाठी धावण्याचा पेस ६:५३ लागतो. तो सर्वांना झेपेलच असे नाही. चालायला लागण्यापूर्वी हात वर करून डावीकडे सरकावे, एवढे तरी पाळावे.

चढावर सपाटीचा पेस टिकवणे ही हिशेबात हुशार असलेल्यांची चूक आहे. मुंबईत वर्षानुवर्षे धावपटूंना पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे-मागे भेटलेला पेडर रोडचा चढ तसा मोठा नाही, पण त्या वेळी पायांत काही उरलेले नसते. तेथे किलोमीटरला पंधरा-वीस सेकंद जाऊ द्यावेत आणि उतारावर हळूहळू परत घ्यावेत. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये तर सरासरी पेसला काही अर्थच नसतो: जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने उतरून यायचे. तेथे निम्म्या अंतराची वेळ निम्मी नसते, हे गटाला आधी सांगितले नाही, तर परतीच्या वळणावर सगळ्यांचा धीर सुटतो.

माणसे सांभाळताना

मागे पडलेल्या एकासाठी वेग कमी करणे चांगुलपणाचे वाटते, पण त्यामुळे उरलेल्या वीस जणांना दिलेला शब्द मोडतो. शक्य असेल तेथे एकाच वेळेच्या झेंड्याखाली दोन पेसर असावेत: एक पुढे आणि एक शेपटाला. एसटीला ड्रायव्हरइतकाच कंडक्टर लागतो, तसेच हे आहे. मागचा पेसर थोडा वेळ सोबत करू शकतो आणि न जमल्यास, “दादा, मागून सव्वापाचची बस येते आहे, तिच्याबरोबर या” असे मोकळेपणाने सांगू शकतो. तसे सांगण्यात त्या धावपटूचा अपमान नाही. उलट खोटी आशा दाखवून त्याला आणखी चार किलोमीटर ओढणे अधिक वाईट. अनपेक्षित उकाडा असेल, तर ही सूचना सुरुवातीच्या रेषेवरच सर्वांना द्यावी, कारण जाहीर केलेली वेळ पेसरने मनाने बदलायची नसते.

बोलण्याचेही प्रमाण असते. पहिल्या दहा किलोमीटरमध्येच घोषणा आणि गाणी संपवणारा पेसर तिसाव्या किलोमीटरला, जेव्हा आवाजाची खरी गरज असते, तेव्हा गप्प झालेला असतो. “आता थोडंच राहिलं” हे तर बत्तिसाव्या किलोमीटरला कधीही म्हणू नये. दहा किलोमीटर थोडे नसतात, आणि ते धावणाऱ्याला ठाऊक असते. “पुढचे पाणी ८०० मीटरवर आहे” हे वाक्य जास्त उपयोगी पडते.

खिशातली वेदनाशामक गोळी कोणालाही देऊ नये. घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना आयबुप्रोफेनसारखी औषधे मूत्रपिंडांवर ताण आणतात, आणि समोरच्याला कोणता आजार आहे हे आपल्याला माहीत नसते. सर्वांना पाणी पीत राहण्याचा सरसकट आग्रहही करू नये, कारण तहानेपेक्षा खूप जास्त पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकते. कोणी झोकांड्या देऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, तर मात्र वेळेचा विचार सोडून त्याला थांबवावे आणि वैद्यकीय मदत येईपर्यंत एकाने तरी त्याच्याजवळ राहावे. झेंडा तोवर दुसऱ्या पेसरने न्यावा.

पेसरचेच पाय आखडले तर? नव्या पेसरची लपवण्याकडे प्रवृत्ती असते. आपण पाच तासांच्या वेळेपेक्षा मागे पडतो आहोत आणि सावरणे शक्य नाही, असे दिसताच झेंडा सहकाऱ्याकडे द्यावा. सहकारी नसेल तर तो काढून गुंडाळून ठेवावा. पाच तासांचा झेंडा मिरवत सव्वापाच तासांच्या वेगाने जाणारा माणूस मागून येणाऱ्यांची दिशाभूल करतो.

शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये, म्हणजे साधारण पंधरा मिनिटे राहिली असताना, ज्यांच्या पायांत जोर आहे त्यांना नावाने हाक मारून पुढे पाठवावे. बिबवर, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या पट्टीवर, नाव छापलेले असते. स्वतः त्यांच्याबरोबर सुटू नये, कारण मागून येणाऱ्या एखाद्याची नजर अजून त्या झेंड्यावरच खिळलेली असते. रेषा ४:५९:०० ते ४:५९:५० च्या दरम्यान ओलांडावी आणि लगेच पदकाच्या रांगेत न शिरता, वाट अडणार नाही अशा बाजूला झेंडा उंच धरून उभे राहावे. पाच तास उलटेपर्यंत जे येतात, त्यांना तो दुरून दिसतो.