ग्रासहॉपर उघडण्याआधी वीट मोजा

छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून पंचवीसेक अंशांवर असतो. पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला तरी त्या उन्हात जेमतेम फूटभर सावली पडते. म्हणून त्या बाजूला मी विटांची जाळी सुचवते आणि ती राइनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या ग्रासहॉपरवर, म्हणजे आकडे बदलले की आकार बदलणाऱ्या साधनावर, बसवते.

बरेच जण आधी लाटांचा सुंदर आकार काढतात आणि मग तो बांधणारा मिस्त्री शोधतात. तुम्ही उलटीकडून सुरुवात करा. भट्टीवरून आलेल्या दहा विटा ओळीत लावून मोजा, दहाने भागा. 230 × 110 × 75 मिमी म्हणून येणारी वीट लॉटगणिक बदलते. लांबी, रुंदी, जाडी, सांधा आणि दोन विटांच्या मध्यांमधलं अंतर (मध्यांतर), प्रत्येकाला स्वतंत्र नंबर स्लायडर, म्हणजे आकडा सरकवून बदलायची पट्टी, द्या. एकाआड एक थर अर्ध्या अंतराने सरकवा.

आता वीट वळवायची, आणि खरा पेच इथेच आहे. मध्यांतर 330 मिमी धरलं, तर सरळ वीट खालच्या प्रत्येक विटेवर 65 मिमी टेकते. सगळ्या विटा 30 अंशांत वळवल्या की टेक्याचं क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्श्यावर येतं. 45 अंशांना तर वरची वीट चक्क अधांतरी राहते. पडद्यावर मात्र दोन्ही जाळ्या झकास दिसतात! म्हणून वरच्या-खालच्या विटांच्या आयतांवर रीजन इंटरसेक्शन (दोन आकारांचा सामाईक भाग काढणारा घटक) लावा, क्षेत्रफळ काढा आणि टेका कमी असेल ती वीट लाल दाखवा. मध्यांतर 280 केलं की 30 अंशांचा टेका जवळजवळ दुप्पट होतो आणि फटही 30 मिमी उरते.

उन्हासाठी लेडीबग, ग्रासहॉपरमध्ये ऊन तपासणारं प्लगइन. जवळच्या केंद्राची हवामान फाइल घ्या, प्लॉटची उत्तर दिशा नीट भरा, मार्च ते मे, दुपारी तीन ते सहा एवढेच तास तपासा. मे महिन्यात पाचचं ऊन थेट पश्चिमेपेक्षा थोडं उत्तरेकडून येतं, थंडीत नैऋत्येकडून. वीट अशी वळवा की पहिलं अडेल, दुसरं आत येईल. जिथे उन्हाचे तास जास्त, तिथे कोन जास्त. पण येणारा आकडा 15 ने भागून, राउंड करून, पुन्हा 15 ने गुणा. कमाल कोन 30 ठेवला की 0, 15, 30 एवढेच कोन राहतात. प्लायवूडचे दोन फर्मे पुरतात.

किल्लारीच्या भूकंपात 30 सप्टेंबर 1993 रोजी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखालीच माणसं गेली. जाळी तर त्याहून नाजूक. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आडवे आरसीसी पट्टे आणि बाजूचे खांब ठरवून घ्या; पट्ट्यांमधलं अंतरही स्लायडरवर ठेवा, म्हणजे मध्ये पूर्ण थरच बसतील.

मिस्त्रींच्या हातात थ्रीडी चित्र देऊ नका. थरागणिक एक कागद द्या: ‘थर 7, डावीकडून 0, 0, 15, 15, 30’. नवा लॉट उतरला की पुन्हा दहा विटा मोजा आणि पुढच्या थरांचे कागद नव्याने छापा.