‘तो प्यायला होता म्हणून…’ असं मूल म्हणतं तेव्हा काय बोलावं

आपल्या मुलीला किंवा मुलाला प्रेमाच्या नात्यातल्या जोडीदाराने मारलं, असं तुम्हाला कळलं असेल तर हे तुमच्यासाठी आहे. मूल नशेत घरी आलं असेल तर त्या रात्री काही विचारू नका. कुशीवर झोपवा, शेजारी बसा. हाका मारूनही जागं होत नसेल किंवा श्वास अडखळत असेल तर थेट दवाखाना गाठा. यकृत दारू आपल्याच गतीने उतरवतं, कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने ती उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी एकट्यानेच बोला. नातेवाईक गोळा करू नका.

एक गोष्ट मात्र आधी विचारा: गळा दाबला होता का? उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. गळ्यावर वळ नसले तरी आतली सूज काही तासांनी वाढू शकते. शिवाय ज्या नात्यात एकदा गळा दाबला गेला, तिथे पुढे जीव जाण्याचा धोका खूप वाढतो.

आता अवघड भाग. मूल म्हणतं, ‘तो तसा नाहीये, प्यायला होता म्हणून झालं.’ समुपदेशनाच्या सुरुवातीच्या दिवसांत मी इथेच चुकले. सोळा वर्षांच्या एका मुलीला मी म्हणाले, ‘त्याची दारू सुटली की सगळं ठीक होईल.’ त्याने खरंच महिनाभर थेंबही घेतला नाही. त्याच महिन्यात, पूर्ण शुद्धीत, तिचा फोन तपासताना त्याने तिच्या मुस्कटात मारली. ती माझ्याकडे परत आली नाही. मला हे तिच्या मैत्रिणीकडून कळलं. माझ्या त्या वाक्यामुळे ती त्याच्याजवळ थांबली होती.

दारूचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो आणि दारू त्यालाच सुस्त करते. स्टील आणि जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलं की नशेत माणसाचं लक्ष समोरच्या ठळक गोष्टीपुरतं आकसतं. राग दिसतो, परिणाम दिसत नाहीत. म्हणून हात लवकर उठतो, जोरात पडतो. पण कुणावर उठायचा हे दारू ठरवत नाही. तेव्हा मी आता शांतपणे एवढंच विचारते: ‘प्यायल्यावर तो आणखी कुणाला मारतो? मित्रांना? स्वतःच्या वडिलांना?’ आणि गप्प बसते. उत्तराची घाई करू नका. ते कधी आठवड्याने येतं.

‘मग तू का प्यायलीस?’ हा प्रश्न या बोलण्यात आणूच नका. तिच्या पिण्याबद्दल बोलायचं आहे, पण वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र आलं की मुलीला एवढंच ऐकू येतं की चूक तिचीच. मार सहन करता यावा म्हणूनही मुलं पितात, हेही ध्यानात असू द्या. मार खाणारा मुलगा असेल तरी बोलणं हेच, फक्त ‘मुलगा असून?’ हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका.

‘आजच्या आज तोड, नाहीतर फोन काढून घेते’ ही धमकी सगळ्यांत वाईट. फोन गेला की तुम्हाला कळण्याची वाटही गेली. नातं तोडण्याचा काळच सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून मूल तयार झालं की ते एकांतात भेटून सांगायचं नाही, दोघांपैकी कुणी प्यायलेलं असताना तर नाहीच. धमक्यांचे मेसेज जपून ठेवा, पासवर्ड बदला, लोकेशन बंद करा. आणि रात्री कितीही वाजता, कुठल्याही अवस्थेत फोन आला तरी न्यायला येईन आणि गाडीत काही विचारणार नाही, हा शब्द आजच द्या.