ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं : डिस्क बदलण्याआधी हब मोजा

पहिल्या वर्षी मी एकाच गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क दोनदा बदलल्या. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी; ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला आवळतात. टर्बो इंजिनाची वेगवान सेडान होती. मालक जालन्याचे, आठवड्यातून दोन-तीनदा समृद्धीवर ये-जा. तक्रार एकच : शंभरच्या पुढं ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. उस्ताद म्हणाले, डिस्क वाकली असेल. मीही मान डोलावली आणि नव्या डिस्क टाकल्या. गाडी छान थांबायला लागली. पाच-सहा हजार किलोमीटर झाले आणि तीच थरथर परत आली. पुन्हा नव्या डिस्क, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा मालक ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "दादा, नेमकं काय झालंय ते तुम्हाला तरी कळलंय का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि ते मनाला फार लागलं.

मी गेवराईकडचा. आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि थेट संभाजीनगरला गॅरेजात लागलो. राहायला बजाजनगरात. रूममधला दोस्त वाळूजला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होता, दिवसभर हातात गेज. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मोजलंस का?"

"काय मोजायचं? डिस्क सरळच दिसायलीय."

"मोजल्याबिगर फेकायलास कसं लेका?"

रविवारी तो स्वतःचा डायल गेज (फिरती वस्तू किती डुलते ते काट्यावर दाखवणारा) आणि मायक्रोमीटर (जाडी बारकाईनं मोजणारा) घेऊन गॅरेजात आला. त्या दोन तासांत जे शिकलो, त्यावर मी आज पोट भरतो.

या शहरात वेगवान गाड्यांचं काम कमी नाही. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, तिथं ऑडीच्याही गाड्या जुळवल्या जातात. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या लोकांनी एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. आणि आता तर समृद्धीवर १२० ची मर्यादा. पूर्वी औट्रम घाट उतरतानाच जाणवणारा दोष आता सपाट रस्त्यावर रोज जाणवतो. नव्यानं या कामात येणाऱ्यानं ही तक्रार आधी नीट समजून घ्यावी.

डिस्क बहुतेक वेळा वाकत नाही. ती कुठं जाड, कुठं पातळ होते. डिस्क फिरताना जराशी जरी डुलत असली, तरी तिचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला घासून जातो, पाय ब्रेकवर नसतानासुद्धा. तेवढाच भाग झिजत जातो. हजारो किलोमीटर असं चाललं की तिथं डिस्क पातळ होते. मग ब्रेक दाबल्यावर पातळ भाग आला की पकड सैल होते, जाड भाग आला की घट्ट. चाकाचा परीघ साधारण दोन मीटर धरा. शंभरच्या वेगाला चाक सेकंदाला चौदा फेरे घेतं, म्हणजे स्टिअरिंगला सेकंदाला चौदा हिसके. म्हणूनच नवी डिस्क टाकली की आजार दबतो आणि काही हजार किलोमीटरनं परत येतो. झीज हा परिणाम आहे. कारण आहे डुलणं, आणि ते आपण मोजलेलंच नसतं.

मोजताना मी एक चूक केली ती तुम्ही करू नका. मी व्हर्नियर, म्हणजे सरळ लांब जबड्यांची मोजपट्टी लावली. झिजलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेली गंजकी धार उरते, व्हर्नियरचे जबडे तिच्यावर बसतात आणि डिस्क नवीच असल्यासारखं माप येतं. मायक्रोमीटरच लागतो. कडेपासून दहा-पंधरा मिलिमीटर आत, सगळीकडं तेवढंच अंतर ठेवून, आठ ठिकाणी मोजायचं आणि आकडे खडूनं डिस्कवरच लिहायचे. आठ मापांत ०.०२ मिलिमीटर फरक आला तरी वेगात थरथर जाणवते. त्या सेडानच्या डिस्कवर फरक होता ०.०३. शिवाय डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती आधी वाचा. त्या डिस्क नव्या असताना ३० मिलिमीटरच्या, कोरलेला आकडा २७. अशा डिस्कसाठी २५ ते ५० चा मायक्रोमीटर हवा आणि छोट्या गाड्यांसाठी ० ते २५ चा. दोन्ही घ्यावे लागतात.

मग डायल गेज. चाक काढलं की बऱ्याच गाड्यांत डिस्क एका बारक्या स्क्रूवर लटकते. तशीच मोजली तर आकडा खोटा येतो. वॉशर घालून चाकाचे बोल्ट आवळायचे, म्हणजे डिस्क हबला, चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या भागाला, चिकटते. गेजचा मॅग्नेटचा स्टँड नकलला, म्हणजे हब ज्यात बसतो त्या न फिरणाऱ्या भागाला लावायचा आणि डिस्क हातानं हळू फिरवायची. ०.०५ च्या आत असेल तर बरं. आमचा काटा ०.११ वर गेला. मित्रानं उंच जागेपाशी डिस्कवर आणि हबवर खडूच्या खुणा केल्या, डिस्क काढून दोन भोकं पुढं सरकवून परत लावली. उंच जागा डिस्कवरच्या खडूच्या खुणेबरोबर सरकली असती तर दोष डिस्कचा. ती सरकली नाही, हबच्याच खुणेपाशी राहिली. डिस्क काढून हब बघितला, तर एका बाजूला गंजाचा पापुद्रा धरलेला. दोन्ही वेळा मी त्याच पापुद्र्यावर नवी डिस्क बसवली होती.

गणित साधं आहे. हबचा व्यास १४० मिलिमीटर, डिस्कचा ३४०. हबच्या कडेला ०.०४ चा पापुद्रा असेल तर डिस्कच्या कडेला तो जवळजवळ ०.१ होतो. वायर ब्रशनं घासून, कापडानं पुसून परत मोजलं : ०.०३. मी किती वेळ त्या काट्याकडं बघत उभा होतो!

स्टिअरिंग थरथरलं तर बहुधा दोष पुढच्या चाकांत, सीट थरथरली तर मागच्या. ब्रेक न दाबता ठराविक वेगाला थरथर असेल तर आधी टायरचा बॅलन्स बघा. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश ढिले असतील तर लहान थरथर मोठी होऊन हातात येते, पण नुसते बुश बदलून मूळ दोष जात नाही.

चाकाचे बोल्ट हवेच्या गनवर कचाकच आवळू नका. एकेक बोल्ट वेगळ्या जोरानं बसला तर डिस्कवर ताण एकसारखा राहत नाही, ती तापली की आणखी डुलते. समोरासमोर उड्या घेत, हातानं, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला आवळणारा पाना) लावून. त्या सेडानला १२० न्यूटन मीटर. गॅरेजात गर्दी असताना याला वेळ नाही असं सगळे म्हणतात. मी दोन मिनिटं काढतोच.

थरथरीचं दुसरं कारण मला समृद्धीच्या टोलनाक्यानं शिकवलं. महामार्गावरून उतरताना टोल असतो. लोक १२० वरून जोरात ब्रेक मारत येतात आणि रांगेत पेडल दाबून उभे राहतात. लालबुंद पॅडचं मटेरियल त्याच जागी डिस्कला चिकटतं. डिस्कवर पॅडच्या आकाराचा निळसर-काळा डाग दिसला तर हे समजा. फार तापलं, साडेसहाशे-सातशे अंशांच्या वर, तर त्या डागाखालचं बिडाचं लोखंड कडक होतं आणि मग लेथवर वरवर घासलं तरी कडक ठिपका उरतो. मालकाला सांगा : शेवटचा किलोमीटरभर ब्रेक हलका ठेवा, नाक्यावर शक्य असेल तर गाडी हँडब्रेकविना न्यूट्रलमध्ये, जागा सपाट असेल तरच.

एका बाजूची झीज निराळी गोष्ट. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक, असं दिसलं की कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाच्या, स्लाइड पिन बघायच्या; याच पिनांवर कॅलिपर मागंपुढं सरकतो. आपल्याकडची धूळ आणि पावसात उडणारी काळी माती पिनांवरच्या फाटक्या रबरी टोपणातून आत जाते, पिन अडकून बसतात. डिस्कची आतली बाजू गाडी वर उचलून, बॅटरी लावून बघा. बाहेरून चकचकीत असलेली डिस्क आतून खोल रेघांची निघते.

नवे पॅड आणि डिस्क बसवल्यावर त्यांची ओळख करून द्यावी लागते. मी पहाटे शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर जातो, आरशात मागं बघतो, ऐंशीवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा वेग कमी करतो, पण कुठंही पूर्ण थांबत नाही. मग गाडी दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड करतो.

त्या सेडानवर हब साफ करून तिसऱ्यांदा डिस्क बसवल्या, त्या माझ्या पगारातून. पुढच्या दिवाळीत दहा हजार किलोमीटर झाल्यावर मालक सर्व्हिसिंगला आले. मी न सांगता चाक काढलं आणि आठ ठिकाणी मोजलं. फरक ०.००५. त्यांना मायक्रोमीटर कसा धरायचा ते दाखवलं, तर त्यांनी स्वतः दोन ठिकाणी मोजून बघितलं आणि आकडे माझ्या वहीत लिहिले.