दर्शनी भिंतीचे पोपडे

कोकणातल्या आमच्या घराची दर्शनी भिंत दर पावसाळ्यानंतर दोन फुटांपर्यंत पोपडे धरायची. रंगारी म्हणे, पुट्टी भरा. दोनदा भरली, दोनदा पडली.

खरी गोची जोत्याशी होती. हौसेने जास्वंदीला घातलेली माती थेट भिंतीला टेकलेली, वरून पागोळ्यांचे शिंतोडे. माती हातभर मागे ओढली, पन्हळ बसवली. प्लास्टिक पेंट पत्रीने खरवडला तर खाली ओलसर, पिठासारखा पांढरा क्षार! भिंत तारेच्या ब्रशने घासून अख्खा उन्हाळा उघडी ठेवली. शेजारी हसले, हसू देत.

मग रात्रभर भिजवलेला चुना फडक्याने गाळून, भिंतीवर पाणी मारून तीन पातळ हात दिले. चुन्यातून ओल बाहेर पडते, पेंटमागे कोंडते. फाटकाला घासून रेड ऑक्साइड, वर काळा ऑइल पेंट.

यंदा दिवाळीला फक्त तोरण बांधलं.