गाण्यातून गोष्ट सांगताय? मग या चुका टाळा

आमच्या सांगली-साताऱ्याकडची पोरं हल्ली मोबाईलवर गाणी करतात, ट्रॅक विकत घेतात, चालपण झकास बसवतात, पण गाणं संपल्यावर विचारलं की बाबा यात नक्की घडलं काय, तर लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही. मित्रांची अशी बरीच गाणी मी वाचतो आणि चुका त्याच त्याच असतात.

सगळ्यात कॉमन म्हणजे अख्खा जन्म एका गाण्यात कोंबणं. गाणं तीन-चार मिनिटांचं, त्यात मुखडा तीनदा येणार, मधे म्युझिकचे पीस, मग हातात राहतात दोन-तीन अंतरे, म्हणजे दहा-बारा ओळी. त्यात शाळा, प्रेम, लग्न, ताटातूट कसं बसणार? एकच प्रसंग धरा, नाहीतर निदान एकच धागा. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याच्या गदिमांनी गीतरामायण लिहिलं, १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक गाणं लागायचं, अशी ५६ गाणी, आणि एकेका गाण्यात बहुतेक एकच माणूस एकाच प्रसंगी बोलतो, कधी कौसल्या, कधी भरत, कधी सीता.

दुसरी चूक, बोलतंय कोण हेच ठरलेलं नसतं. पहिल्या अंतऱ्यात 'मी', दुसऱ्यात अचानक 'तो'. वहीच्या वर आधी लिहून टाका: कोण बोलतंय, कुणाशी, आणि आत्ता कुठं उभं राहून. एवढ्यानं निम्मा गोंधळ मिटतो, खरंच.

आता ध्रुपद, म्हणजे दर अंतऱ्यानंतर परत येणारा मुखडा. इथं मात्र थांबायला पाहिजे कारण बहुतेक गाणी इथंच पडतात. अंतरा काहीही सांगो, ध्रुपद आपलं तेच आणि त्याचा अर्थही तोच, मग गोष्ट पुढं सरकणार कशी? शब्द तेच ठेवा पण अर्थ हलू द्या. समजा ध्रुपद आहे 'दार उघडं ठेव आई'. पहिल्या अंतऱ्यात पोरगा मिलिटरीत निघालाय, पहाटे सातारा स्टेशनवरनं फोन करतोय, म्हणजे ते नुसतं लवकर येतो असं सांगणं झालं. दुसऱ्यात आईला आता कमी ऐकू येतं, कडी वाजवली तरी कळणार नाही, म्हणून दार उघडं. तिसऱ्यात तो सुट्टीवर आलाय, दाराला कुलूप आहे आणि किल्ली शेजारच्या काकूंकडं. आई गेली असं कुठंच लिहायचं नाही, ऐकणाऱ्याला ध्रुपदातच कळतं. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड (लावणीचाच एक प्रकार) याच कारणानं मला फार मोठी वाटते, आधी ती गावाकडं राहिलेल्या बायकोची आठवण असते आणि शेवटाकडं येईस्तोवर तीच ताटातूट महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारची होते.

यावरूनच अजून एक, शेवटच्या अंतऱ्यात 'असं असतं आईचं प्रेम' वगैरे समजावून सांगू नका, कुलूप दाखवलंय ना, बास झालं. आणि चंद्र, चांदणं, साजणी हे कुणाच्याही गाण्यात चालतं म्हणून ते तुमच्या गाण्याचं होत नाही. त्याऐवजी बेदाण्याच्या शेडवरनं आलेल्या बाईचे चिकट हात लिहा, तासगावच्या माणसाला लगेच दिसतील.

यमकासाठी गोष्ट वाकवू नका. यमक जुळत नसेल तर ओळीतला शेवटचा शब्द बदला, घडलेलं बदलू नका. मात्रा भरायला 'गं', 'रे' एखाद्या वेळी ठीक आहे, पण चार ओळीत पाच वेळा 'गं' आला तर समजा तिथं सांगायलाच काही उरलं नाही, मग ती ओळच काढा.

गाणं अडलंय कुठं हे कळत नसेल तर चाल, ट्रॅक सगळं बाजूला ठेवा आणि घरातल्या कुणालातरी नुसते शब्द वाचून दाखवा, मग म्हणा, आता काय झालं ते तू मला सांग. सांगताना ज्या अंतऱ्यापाशी ते अडखळतील तो अंतरा परत लिहायला घ्या.