जर्मनीत पत्त्याचा दाखला काढताना या चुका टाळा

जर्मनीत पाऊल ठेवलं की बँक, विमा कंपनी, ऑफिसचा एचआर, जो तो पत्त्याचा पुरावा मागतो. तो मिळतो आनमेल्डुंग केल्यावर, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद झाल्यावर.

भाडेकरार घेऊन थेट ब्युर्गरआम्ट, म्हणजे ही नोंद करणारं नागरिक सेवा कार्यालय, गाठणं, ही सगळ्यात नेहमीची चूक. तिथे करार चालत नाही. घर देणाऱ्याच्या सहीचा वेगळा फॉर्म लागतो, व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव जिभेला वळत नाही, पण कागद साधा असतो: पत्ता, राहायला आल्याची तारीख, राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि घर देणाऱ्याचं नाव-पत्ता. १ नोव्हेंबर २०१५ पासून तो सक्तीचा आहे. पोटभाड्याने राहत असाल तर मूळ भाडेकरूची सही चालते. ‘खोली देतो, पण नोंदणी करता येणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर माझ्या मते डिपॉझिट देण्याआधीच तिथून निघावं. राहायला गेल्यावर सही टाळली जात असेल, तर गप्प बसू नका. ते ब्युर्गरआम्टला लगेच कळवणं तुमच्यावरच बंधनकारक आहे. पैसे घेऊन नुसता पत्ता ‘देणारे’ही भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, अशा खोट्या पत्त्यासाठी ५०,००० युरोंपर्यंत दंडाची तरतूद आहे.

नोंदणीची मुदत राहायला गेल्यापासून दोन आठवडे. मोठ्या शहरांत तेवढ्यात अपॉइंटमेंट मिळेलच असं नाही. पुढची तारीख मिळाली तरी ती घेऊन ठेवा आणि बुकिंगचा ईमेल जपा. बर्लिनमध्ये आपल्याच भागातलं ऑफिस हवं असा हट्ट नको, शहरातलं कुठलंही चालतं.

नावाचा घोळ तर खास आपला. पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल, तर नोंदीतही ते तसंच उतरतं. मग बँकेच्या फॉर्मवर नुसतं नाव-आडनाव लिहिलं की दोन कागद जुळत नाहीत. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा, आणि खिडकीवरून उठण्याआधी प्रिंटवरचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर तपासा.

नोंदणी करताना हातात पडते ती मेल्डेबेश्टेटिगुंग, म्हणजे नोंद झाल्याचा कागद, फुकट. पुढे कुणी मेल्डेबेशाइनिगुंग मागितली तर तो निराळा दाखला, त्याला बहुधा फी पडते. लग्नासारख्या कामाला त्याचीही विस्तारित प्रत लागते, तेव्हा नेमकं काय हवं ते आधी विचारून घ्या.

पत्रपेटीवर नाव लावलंत ना? अकरा आकडी टॅक्स आयडी टपालाने येतो. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि पगारातून जास्तीचा कर कापला जाऊ शकतो.

देशातल्या देशात घर बदललं तर फक्त नव्या पत्त्याची नोंद करायची. जर्मनी कायमची सोडताना मात्र आबमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद रद्द, करावंच लागतं, तेही निघण्याच्या फार तर एक आठवडा आधी. त्याची पावती सोबत न्या. इंटरनेट किंवा जिमचा करार बंद करताना बऱ्याचदा तीच मागतात.